माझे दोन क्रेट

विश्रांतवाडीहून दोन बस बदलून मी लोणच्याच्या कारखान्यात बरण्या भरायला जायचे. मजुरी क्रेटवर होती. बरण्यांनी भरलेला क्रेट उचलला गेला की मुकादम जिच्या तिच्या नावापुढे फळ्यावर खडूने रेघ मारायचा. दिवसाला वीस रेघा झाल्या नाहीत, तर अर्धी हजेरी. मी सव्वीस भरायचे. माझा हात भराभर चालायचा आणि त्याचा मला गर्वही होता, खोटं कशाला बोलू? शेजारच्या मावशींची बोटं मात्र वयाने आणि मिठाने आखडली होती. त्यांची गाडी अठरावर अडायची. म्हणून जेवणाच्या सुट्टीनंतर मी माझे दोन क्रेट गुपचूप त्यांच्याकडे सरकवायचे.

मुकादमाला ते दिसायचं. "आज मावशींना जोर आलाय," एवढंच म्हणायचा.

पुढे परदेशातून मागणी आली, ऑफिसात कॉम्प्युटर आला आणि त्याच्यामागोमाग टाय लावलेले नवे साहेब. बांधलेल्या पगाराची कुणकुण आम्हाला आधीच लागली होती. त्या भरवशावर मी एक जुनी मोपेड हेरून ठेवली होती. दोन बसना मी विटले होते.

साहेबांनी सगळ्यांना गोळा करून कागद वाचला. मागच्या तीन महिन्यांत रोज सरासरी पंचवीस क्रेट भरणाऱ्यांना वरची श्रेणी, बाकीच्यांना खालची. माझी सरासरी निघाली चोवीस.

तोंड उघडावं तर मावशींची अर्धी हजेरी होणार. मी आतल्या आत चडफडत होते.

तेवढ्यात मावशी उठल्या. "सायेब, हिचे रोजचे दोन क्रेट माझ्या नावावर लागल्यात. तिचे तिला द्या. माझे अठराच हाय."

साहेब कागद खालीवर करत राहिले. मुकादमाने घसा खाकरला. "खरं आहे त्यांचं. मी रोज बघतो. कॉम्प्युटरात डोळ्यांनी बघितल्याचा रकाना असेल, तर भरून घ्या."

साहेब हसले आणि त्यांनी पेनने माझा आकडा बदलला. मग राहिलेली ओळ वाचली: खालच्या श्रेणीलाही पूर्ण पगार, अर्धी हजेरी बंद.

मोपेड आली. संध्याकाळी मावशी माझ्या मागे बसून त्यांच्या स्टॉपपर्यंत यायच्या, वाटभर माझ्या चालवण्याला नावं ठेवत. मी सगळं ऐकून घ्यायचे. त्या दिवशी साहेबांसमोर त्या उठल्या, तेव्हा अर्धी हजेरी बंद करणारी ती शेवटची ओळ अजून वाचायची होती.