काचेच्या बाहेरचा दत्ता

अंथुर्ण्याच्या आमच्या आत्याला ऐकीव गोष्ट कधी खरी वाटली नाही. लेकीचं स्थळ शेळगावचं आलं, तेव्हा भरबैठकीतून उठून ती आधी त्यांच्या विहिरीत वाकून पाणी बघून आली. मगच सुपारी फुटली. “बघितल्याबिगर मी व्हय म्हणत न्हाय,” हे तिचं ठरलेलं.

तिचा दत्ता दुबईला गेला आणि तिथल्या त्या जगप्रसिद्ध मनोऱ्याच्या काचा बसवण्याच्या कामाला लागला. मनोरा उभा राहून वर्षं लोटली, तरी ‘माझ्या लेकाची काच’ तिला बघायचीच होती. मीही तिथंच नोकरीला. शेवटी तिला बोलावून घेतलं आणि मनोऱ्यावर जायची, दत्तासकट तिघांची, सूर्यास्ताच्या वेळची तिकिटं काढली.

नेमकी त्याच दिवशी धूळ उठली. वेळ बदलून मागितली, तर खिडकीवरचा माणूस मान वर करीना. रांगेत आत्याचे पाय भरून आले, लिफ्टमध्ये कानांना दडे बसले. वर पोचलो तर चारी बाजूंनी नुसतं मातकट. ना समुद्र, ना रस्ता. मी चिडून तिथल्या पोरीशी हुज्जत घालत होतो.

आत्याचं तिकडं लक्षच नव्हतं. तिनं दत्ताला विचारलं, “तुजी काच कुठली?”

समद्या सारख्याच, आता कशी ओळखणार, असं तो म्हणाला.

“मेंढरं बी लोकास्नी सारखीच दिसत्यात. आपल्याला वळखू येत्यात न्हवं?”

दत्ता वैतागला. “आये, मी आतनं कधी बघितलंच न्हाय. आज पयल्यांदा आत आलो. आमी भायेर असायचो, दोरावर.”

घरी त्यानं आजवर एवढंच सांगितलं होतं, की काम सावलीतलं आहे.

आत्यानं काचेला कपाळ टेकून खाली बघायचा प्रयत्न केला. काहीच दिसेना. फोटोला ती उभी राहिली नाही. “खाली चला,” एवढंच म्हणाली. इतक्या हौसेनं आणलं आणि हे असं झालं, म्हणून मी रात्रभर धुसफुसत होतो.

गावी परतल्यावर तिनं फोनवर एकच सुरू केलं. ख्यालीखुशालीच्या आधी विचारायची, “कुठं हायस? खाली का वर?” दत्ता आता गोदामात मुकादम आहे, हे शंभरदा सांगूनही तिला पटलं नाही. त्यानं ‘खाली’ म्हटल्याशिवाय पुढं बोलायची नाही. दत्ता कावायचा.

गेल्या उन्हाळ्यात आत्या गेली. हल्ली मी दत्ताला फोन लावतो, तेव्हा काही विचारायच्या आत तोच म्हणतो, “खाली हाय.”