चादरींचा समुद्र

हॉस्पिटलच्या तळघरातल्या लॉन्ड्रीत तिला सगळे घडीवाली म्हणायचे, आणि ते काही उगाच नाही. तिच्या हातात चादर आली की कोपऱ्यावर कोपरा असा बसायचा की बघत राहावं. यंत्रांचा गडगडाट एवढा की शेजारणीला हाक मारायची तरी घसा ताणावा लागे, वाफेनं भिंती ओल्याचिंब, आणि त्या गदारोळात ही बाई आपली शांतपणे घड्या घालत उभी. तिथला एक नियम तिच्या हाडीमांसी भिनला होता. धुतलेली चादर जमिनीला टेकता कामा नये. टेकली की परत धुवायला.

लेक लहान होती तेव्हा शाळा सुटली की थेट इथेच यायची. गाठोड्यांवर बसून अभ्यास करायची, कंटाळा आला की आईसमोर उभी राहून चादरीचं दुसरं टोक धरायची. मग तिला मोठ्या शाळेत प्रवेश मिळाला आणि तिचं येणं बंद झालं. का, ते घडीवालीला कुणी सांगितलं नाही. पण न कळायला ती काय दूधखुळी होती? शाळेत कुणी विचारलं तर लेक एवढंच म्हणायची, "आई हॉस्पिटलमध्ये असते." पुढचं ज्याचं त्यानं समजून घ्यावं!

तर झालं असं, की इंग्रजीच्या सरांनी गट पाडून दिले. प्रत्येक गटानं एक पुस्तक वाचायचं आणि त्यावर व्हिडिओ करायचा, बोलायचं सगळं इंग्रजीत. लेकीच्या गटात ती, ताडमाड वाढलेला एक लंबू आणि कॅमेरा सांभाळणारी एक चष्मिश. पुस्तक होतं एका बाई कप्तानाचं, जिचं जहाज वादळात सापडतं.

"समुद्र कुठून आणायचा सांग!" रात्री जेवताना लेक रडकुंडीला आली. "बादलीत होडी सोडून बघितली. सगळे फिदीफिदी हसले."

"आमच्याकडे वाफ आहे की ढीगभर," घडीवाली म्हणाली. "बाद झालेल्या चादरी आहेत. रविवारी दुपारी यंत्रं बंदच असतात, फक्त वाफ तेवढी सोडता येते. सुपरवायझरला मी विचारते."

लेकीचा चेहरा खुलला आणि लगेच पडला. ती ताटात बोट फिरवत बसली. घडीवालीनं ओळखलं.

"ओळखीच्या एक मावशी तिथे कामाला आहेत म्हण," ती म्हणाली. "झालं! त्यात काय एवढं?"

हसत म्हणाली खरी, पण हातातला घास तिनं परत ताटात ठेवला.

रविवारी पोरं आली. "मावशी, ही दोरी कुठे बांधू?" लंबूनं विचारलं. "मावशी, जरा वाफ सोडा ना," चष्मिश म्हणाली. आणि लेकही म्हणाली, "मावशी." खाली बघून, अगदी हळू. घडीवालीनं ऐकलं न ऐकलंसं केलं आणि चादरी टांगल्या.

मग वाफ सुटली, आणि अहो, काय सांगावं! इतकी वर्षं ती त्या वाफेला शिव्याच घालत आली होती. आज तीच वाफ जमिनीवरून सरपटत आली, चादरींच्या मध्ये शिरली, आणि खोली कुठल्या कुठे गेली. भिंती गेल्या, छत गेलं. घडीवालीनं मागे उभी राहून चादर हलवली तशी लाट उठली. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. आपण रोज इथे उभे असतो, आणि हे इथेच होतं?

त्या धुक्यातून कप्तान पुढे आली. जुना कोट, विस्कटलेले केस, आणि खणखणीत इंग्रजी. एक शब्द कळत नव्हता, पण आवाज असा की लंबू खलाशी खरोखर दोन पावलं मागे सरला. बाई गं! हीच का ती, झुरळ दिसलं की पलंगावर चढणारी?

आणि ऐन वादळात दोरी सुटली.

सगळ्यात मोठं शीड खाली आलं. घडीवालीनं विचारबिचार काही केला नाही. चादर जमिनीकडे निघाली आणि तिचे हात पुढे गेले. सरळ कॅमेऱ्यासमोर येऊन तिनं दोन टोकं झेलली. बघते तर उरलेली दोन टोकं कप्तानाच्या हातात! इंग्रजी बोलणं चालूच होतं. दोघींनी झटका देऊन चादर ताणली, मधोमध दुमडली, एकमेकींकडे चालत आल्या, लेकीनं कोपरे आईच्या हातात दिले आणि खाली वाकून नवी कड उचलली. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. घडी पुरी झाली तेव्हाच कप्तानाचं बोलणं संपलं.

"मावशी, तुम्ही मध्ये आलात!" चष्मिश ओरडली.

घडीवालीचं तोंड एवढंसं झालं. "काढून टाका गं ते. सवय मेली!" वेळ संपला होता, परत करता येणार नव्हतं. पोरं गेली, आणि ती एकटीच स्वतःला दूषणं देत बसली.

व्हिडिओ दाखवायच्या दिवशी पालकांनाही बोलावणं होतं. "मी मागे बसेन," ती लेकीला म्हणाली, "मावशीच म्हण." लेक दप्तर भरत राहिली.

वर्गात फळ्यावर एक चादर लावली होती, तिच्यावर चित्र पडत होतं. गटामागून गट झाले. मग धुकं आलं, समुद्र आला, आणि सगळा वर्ग श्वास रोखून बसला. घडीवाली तर पापणीही हलवीना. आता कापलेली जागा येणार, आता येणार... पण कापलं नव्हतंच. भल्या थोरल्या लाटांमधून ती स्वतः पुढे आली, आणि दोन बायकांनी मिळून एक अख्खं वादळ घडी घालून ठेवलं. देवा रे, हे आपण केलं? तिच्या डोळ्यांना धार लागली.

टाळ्या थांबेनात. सर काहीतरी पुटपुटत पुढे गेले, डोळे पुसले आणि फळ्यावरची चादर ओढून तिचा बोळा करू लागले. एक टोक लोंबत खाली निघालं.

"सर, अशी नाही!" लेकीनं धावत जाऊन चादर धरली. मग ती वळली. वर्ग भरलेला, लंबू समोर, चष्मिश समोर. तिनं शेवटच्या बाकाकडे बघितलं आणि मोठ्यांदा हाक मारली.

"आई, ये ना. दुसरं टोक धर."

"आई?" चष्मिश म्हणाली.

घडीवालीनं बाकाची कड घट्ट धरली. पण चादर खाली चालली होती, म्हणून ती उठली, सगळ्या बाकांमधून भराभर पुढे गेली आणि तिनं आपलं टोक धरलं.