चष्मा कुणाकडे द्यायचा

भूल देण्याआधी चष्मा, घड्याळ आणि घराची किल्ली सोबतच्या माणसाकडे द्यायची असते. "सोबत कोण आहे?" सिस्टरनं विचारलं आणि मी सांगून टाकलं, "मुलगी येतेय. वाटेत आहे." मला मुलगी नाही. पण सोबत कुणी नाही म्हणून तपासणी पुन्हा पुढे गेलेली मला नको होती. शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांच्या बायकोनं ते ऐकलं. "द्या इकडे, ती येईपर्यंत मी सांभाळते," त्या म्हणाल्या.

एकट्या माणसाला तसं सगळं जमतं. सिलिंडर बदलता येतो, ताप अंगावर काढता येतो. फक्त आपण शुद्धीवर नसताना आपलाच चष्मा धरून बसता येत नाही.

डोळे उघडले तेव्हा शेजारची खाट रिकामी होती. बाई मात्र स्टुलावर तशाच बसून होत्या.

"ह्यांना मघाशीच सोडलं, बाहेर बसलेत. तुमची मुलगी अजून आली नाही, म्हणून थांबले."

"ट्रॅफिक असेल," मी पुटपुटले.

"येईल हो," म्हणत त्यांनी पदरानं काचा पुसल्या आणि चष्मा माझ्या डोळ्यांवर चढवला.

समोरचं नीट दिसायला लागलं, आणि त्यांच्याबरोबर मीही दाराकडे बघत राहिले.