वकिलाला दोनच वाक्यं होती

नोव्हेंबर १९९७, रविवार, सकाळी साडेदहा. नाशिक, हौशी नाट्यस्पर्धेची प्राथमिक फेरी. हजर: दिग्दर्शक (शाळेत गणित शिकवणारे सर), नायिका (नर्स), अंतराळ कंपनीचा मालक (दिंडोरीत द्राक्षांवरची औषधं विकणारा), वकील (खरेच वकील, सिन्नरचे), पडद्याला एक, प्रकाशाला एक आणि व्यवस्थेला मी. गैरहजर कोणी नाही.

नाटक असं: यान बिघडतं, अंतराळवीर वर जिवंत असतो, पण चूक लपवायला कंपनी तो गेल्याचं जाहीर करते. पहिल्याच प्रवेशात वकील त्याच्या बायकोची कागदावर सही घेतो. मग दोन अंक ती सत्य शोधते. सहीच नाही तर नाटकच नाही.

वकिलाला दोन वाक्यं. "कागद तयार आहेत. इथे सही करा, बाई." तालमीत कोरा कागद वापरायचो. मला ते कच्चं वाटे. म्हणून प्रयोगासाठी मी कोणाला न सांगता तीन पानी करारनामा टाइप केला, कलमांसकट.

प्रवेश सुरू झाला. वकीलसाहेबांनी कागद हातात घेतला, खिशातला चष्मा लावला आणि वाचू लागले. मी विंगेत. त्यांनी पान उलटलं.

"साहेब, बोला की," मालक ओठ न हलवता म्हणाला.

वकीलसाहेब नायिकेकडे वळले. "बाई, सातवं कलम बघितलंत? नवरा परत आला तरी तुमचा त्याच्यावर हक्क नाही. सही करू नका."

नर्सबाईने पेनाला टोपण लावलं. मग म्हणाली, "नाही करत."

टाळ्या पडल्या. दोन तासांचं नाटक अकरा मिनिटांत संपलं.

"अहो, तुमचं काम सही घ्यायचं होतं!" आत येताच सर ओरडले.

"वाचल्यावर कशी घेऊ, सर?" वकीलसाहेबांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "सत्तावीस वर्षांची सवय हो. पण असलं कलम लिहिलं कुणी?"

मी खुर्च्या उचलायला लागले.

मंजूर संहितेबाहेर बोललं की बाद, हा नियम. संयोजकांनी लेखी खुलासा मागितला. तो पटला तरच पुढच्या वर्षी आम्हाला प्रवेश मिळणार होता. सरांनी लिहिलं, "वकिलाचे काम करणारे सभासद वाक्ये विसरले." वकीलसाहेबांनी तो दोनदा वाचला. मला वाटलं, आता फाडतील. त्यांनी सही केली.

प्रवेश मिळाला. ते मात्र पुन्हा तालमीला आले नाहीत. मी दर जानेवारीला नवी वही करते आणि राहिलेली कामं तिच्यात उतरवते. त्यांतलं एक दहा वर्षं तसंच आहे: सिन्नरला जाऊन वकीलसाहेबांना सांगणे, ते कलम मी लिहिलं होतं.