दादाची चाळीस मिनिटं

आमच्या नवऱ्याला 'नाही' म्हणता येत नाही. तो शब्द त्याच्या तोंडात बसतच नाही. शेजारच्या काकूंना कपाट हलवायचं असो, कोणाला पहाटे स्टेशनवर सोडायचं असो, कोणाच्या मेहुण्याच्या साडूचा पंखा बिघडलेला असो, हा निघालाच. बरं, कामावर असा नाही हो! लिफ्टचा मेकॅनिक आहे. लिफ्टमध्ये सहा जण लिहिलंय म्हणजे सहाच. सातवा घुसला तर हाताला धरून बाहेर काढेल, मग तो इमारतीचा सेक्रेटरी का असेना. पण कामाचे कपडे उतरवले की संपलं. मग कोणीही यावं आणि टपली मारून जावं.

मी त्याला लहानपणापासून ओळखते. माझ्या मोठ्या भावाच्या, दादाच्या, वर्गात होता. दादा त्याला 'मिस्त्री' म्हणतो. लग्नानंतर मी 'अहो' म्हणून बघितलं, दोन दिवसांत दोघांनाही हसू आवरेना. तेव्हापासून पुन्हा 'अरे'च. शाळेत असताना हा आमच्याच घरी पडीक असायचा. दादा व्हिडिओ गेम खेळायचा आणि हा शेजारी स्टॉपवॉच घेऊन बसायचा. खेळायचं कधीच नाही, फक्त वेळ मोजायची. मी म्हणायचे, बाबा रे, तुझ्या आयुष्यात करण्यासारखं दुसरं काही नाही का?

एकच खेळ होता तो. दिवेवाल्याचा. एक छोटासा माणूस हातात काडी घेऊन सात मनोरे चढतो आणि प्रत्येकाच्या टोकावरचा दिवा पेटवतो. साध्या माणसाला तो संपवायला चार-पाच तास लागतात. दादाने तो अडतीस मिनिटं चाळीस सेकंदांत संपवला होता. कुठली पायरी गाळायची, कुठल्या कठड्यावरून आंधळी उडी मारायची, सगळं त्याच्या बोटांत होतं. साक्षीदार एकटा आमचा हा. त्याने एकेका दिव्याची वेळ आणि तो आकडा कॅलेंडरच्या पानामागे लिहून ठेवला आणि दोघं मूर्खासारखे घरभर नाचले.

पुढे इंटरनेट आलं तेव्हा कळलं, की असा वेडेपणा करणारी माणसं जगभर आहेत. त्याला स्पीडरन म्हणतात, आणि खेळणाऱ्याला रनर. बसल्या जागी रनर! प्रत्येक खेळाची यादी असते, कोणी किती वेळात संपवला त्याची. दादाने मोठ्या हौसेने आपला वेळ पाठवला. उत्तर आलं, रेकॉर्डिंग असेल तर पाठवा, नुसतं सांगून काय, कोणीही सांगेल. रेकॉर्डिंग कुठून असणार? दादा हसला, म्हणाला, बरोबर आहे त्यांचं. पण त्या दिवशी तो जेवला नाही.

दादा दातांच्या लॅबमध्ये होता. डॉक्टर माप पाठवायचे आणि हा मेणाचे दात कोरायचा, इतके बारीक की खरा कुठला नि खोटा कुठला ते आईलाही कळू नये. तीन वर्षांपूर्वी त्याचा उजवा हात थरथरायला लागला, मग डावा. लॅब सुटली. आता गोळीवर आहे. गोळी घेतली की पाऊण तासाने हात शांत होतात आणि साधारण सव्वा तास शांत राहतात. पूर्वी तीन तास राहायचे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, ही वेळ कमीच होत जाणार. आणि दुपारची गोळी घेतली की पुढची थेट रात्री.

हे ऐकून आल्यावर नवऱ्याने दोन दिवस कागदावर कसले तरी हिशेब मांडले. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "मॅरेथॉन भरवू या."

"कोण धावणार? तू? दुसऱ्या मजल्यावर चढताना धापा टाकतोस."

"बसून धावायची. स्पीडरनची. वाचनालयाचा वरचा हॉल घेऊ. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, एकामागून एक रनर. सगळं लाइव्ह दाखवायचं. म्हणजे रेकॉर्डिंग होईल, साक्षीला माणसं असतील. दादाने चाळीस मिनिटांच्या आत संपवला, की यादीत नाव लागेल. आता नाही झालं, तर पुढच्या वर्षी..." एवढं बोलून तो उठून पाणी प्यायला गेला.

तर त्याच्यासाठी होतं सगळं. मॅरेथॉन गेली खड्ड्यात, दादाला चाळीस मिनिटं मिळायला हवी होती.

तीन महिने आमच्या जेवणाच्या टेबलावर वायरी होत्या. गावातले रनर शोधून काढले याने. बस चालवणारे एक गृहस्थ, गुरांचा एक डॉक्टर, शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या एक बाई, असे नऊ जण. मी वेळापत्रक बघितलं आणि विचारलं, "हे पंचवीस मिनिटं, पन्नास मिनिटं कोणी ठरवलं?"

"त्यांनीच सांगितलं."

"रोज एवढाच वेळ लागतो का त्यांना?"

"नाही गं, ही त्यांची सर्वांत चांगली वेळ."

"अरे शहाण्या, मग नेहमीची लिही ना!"

"असं कसं? कमीपणा वाटतो त्यांना."

आता काय बोलायचं! या लोकांना किती वेळ लागेल विचारलं, की आयुष्यात एकदाच जमलेला आकडा छाती फुगवून सांगतात. हे नवऱ्यालाही माहीत होतं. म्हणून त्याने प्रत्येकाच्या मध्ये दहा-दहा मिनिटं मोकळी ठेवली होती, वायरी बदलायला आणि उशीर झालाच तर भरून काढायला. मग एक बेकरीवाला आला, म्हणाला मलाही घ्या. घेतला. त्याच्या ओळखीचा एक फोटोग्राफर आला. घेतला. मोकळी मिनिटं त्या दोघांनी खाल्ली. मी म्हटलं, "लिफ्टमध्ये सातवा चढू देशील का?" त्यावर म्हणाला, "चिडू नकोस गं, होईल सगळं."

दादाची वेळ दुपारी तीन. गोळी सव्वादोनला.

त्या दिवशी सत्तर-ऐंशी माणसं जमली. मला वाटलं होतं दहा येतील. हॉलच्या एका टोकाला मोठा पडदा, त्यावर खेळ, कोपऱ्यात लाल आकड्यांचं घड्याळ. नवरा माइक घेऊन रनरच्या बाजूला, काय चाललंय ते समजावून सांगत होता. इतका सुंदर बोलत होता, मी चहाची किटली हातात घेऊन ऐकतच राहिले. घरात दोन वाक्यांच्या पुढे जात नाही हा माणूस.

पण बसवाल्यांना पंचवीसच्या जागी चौतीस मिनिटं लागली. गुरांच्या डॉक्टरांना बारा मिनिटं जास्त. त्या लोकांत एक रीत आहे, रनरला मध्येच कोणी थांबवत नाही. कितीही चुको, कितीही लांबो, सगळे टाळ्या वाजवत बसतात, "जमेल, जमेल" म्हणतात. रीत चांगली आहे, माझी तक्रार नाही. पण घड्याळ काही टाळ्या वाजवत नाही.

दोन वाजून दहा मिनिटांनी विज्ञानाच्या बाई बसल्या. त्यांची पन्नास मिनिटं. सव्वादोनला दादाचा फोन आला. तो दोन गल्ल्या पलीकडे, घरीच आराम करत होता, गोंगाटाने लवकर थकतो म्हणून. नवऱ्याने मनात हिशेब केला, बाईंचं तीनला संपेल, बेकरीवाल्याला मागे ढकलू. म्हणाला, "हो हो, वेळेवर. घे गोळी."

मी त्याच्याकडे बघितलं. त्याने मान हलवली, म्हणजे काळजी करू नकोस. आणि मीही नाही केली हो. खोटं कशाला बोलू?

दोन वाजून बावन्न मिनिटांनी पडदा गोठला. बाईंचा खेळ जागच्या जागी थिजला, काही केल्या हलेना. हॉलमध्ये सगळे "अरेरे" म्हणाले. बाईंनी कानावरचा हेडफोन काढला. डोळ्यांत पाणी होतं बिचारीच्या. सहा महिने सराव केला होता त्यांनी. त्यांनी नवऱ्याला विचारलं, "पहिल्यापासून सुरू करू का?"

मी किटली ठेवली आणि हात वर करून जोरजोरात हलवला. नवऱ्याने बघितलं मला. शपथेवर सांगते, त्याने बघितलं. मग त्याने बाईंच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाला, "करा ना, करा."

टाळ्या पडल्या.

तीनला दादा आला. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, आणि हात कसे दगडासारखे शांत. दारातच मला हात पुढे करून दाखवले, हसत. मी पडद्याकडे बोट केलं. कोपऱ्यातल्या घड्याळावर सहा मिनिटं झाली होती. त्याला समजायला वेळ लागला नाही.

"मी वायर खेचते," मी म्हणाले. खरंच खेचली असती.

"अजिबात नाही," दादा म्हणाला. "मला कोणी असं उठवलं असतं तर? खेळू दे बाईंना."

म्हणून आम्ही तिथे शेवटच्या रांगेत बसून राहिलो. दादाचे हात मांडीवर. मी हातांकडे बघायचे, मग घड्याळाकडे, मग हातांकडे. आयुष्यात इतकं चडफडले नसेन. नवरा पुढे उभा राहून बोलत होता, पण दर मिनिटाला त्याचं एक वाक्य अर्धवट राहायचं. बाई घाबरल्या होत्या, पहिल्यापेक्षा हळू खेळत होत्या. लोक ओरडत होते, "जमेल, जमेल!" मला त्यांच्या तोंडात बोळा कोंबावासा वाटत होता. छप्पन्न मिनिटं घेतली त्यांनी. मग दादाचा खेळ ज्यावर चालतो ते आमच्या माळ्यावरचं जुनाट यंत्र जोडायला बारा मिनिटं. मध्ये मोकळी मिनिटं ठेवलीच नव्हती ना.

चार वाजून दोन मिनिटांनी दादा खुर्चीत बसला.

काय खेळला हो! मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही, पण सगळा हॉल पुढे सरकून बसला. तो दिवेवाला जिना चढतच नव्हता, कठड्याकठड्यावरून उडत होता. पहिला दिवा, दुसरा दिवा. बसवाले उभे राहिले. नवऱ्याचा आवाज चढत चालला होता, "आता बघा, ही उडी जगात फारच थोड्यांना जमते," आणि दादा ती मारून मोकळा.

तिसऱ्या मनोऱ्यावर उजवा अंगठा हलला.

मला ते पडद्यावर दिसायच्या आधी त्याच्या मनगटात दिसलं. दिवेवाला कठड्यावरून पडला. परत चढला. परत पडला. लोकांनी "जमेल, जमेल" सुरू केलं. कोणाला काय माहीत? तिसरा दिवा कसाबसा लागला. चौथ्या मनोऱ्यावर कंट्रोलरची बटणं नुसती कटकट वाजायला लागली, न दाबता. हळूहळू टाळ्या बंद झाल्या. नवरा बोलायचा थांबला. माइक मात्र सुरू होता, त्यात ती कटकट ऐकू येत होती.

"इकडे ये," दादाने मला हळूच बोलावलं. "मनगटं धर."

मी मागून वाकून त्याची दोन्ही मनगटं धरली. लहानपणी भांडताना धरायचे तशी, घट्ट. माझ्या पकडीत ती थरथरतच होती. जोर लावला तर आणखीच. मी काय करू? मला तेवढंही करता येईना. दिवेवाला पडला, पुन्हा पडला.

"सोड," दादा म्हणाला. त्याने कंट्रोलर मांडीवर ठेवला. "मिस्त्री, घड्याळ बंद कर."

नवऱ्याचं बोट बटणावर होतं, पण ते दबेना. घड्याळ तेहतीस मिनिटांवर होतं, चाळीसला अजून सात बाकी होती. शेवटी मीच हात पुढे करून ते बटण दाबलं.

लोकांनी खूप टाळ्या वाजवल्या. विज्ञानाच्या बाई धावत आल्या, दादाला म्हणाल्या, "पहिले दोन मनोरे तर जादूच होती! माझ्यामुळे तुम्हाला ताटकळावं लागलं, नाही?"

"छे हो," दादा म्हणाला. "छान खेळलात तुम्ही."

पुढे खुर्चीत बेकरीवाला बसला. आम्ही दादाला घेऊन दाराबाहेर आलो, तिथे चपला-बूट ठेवलेले होते. दादा बाकावर बसला. त्याला बुटाची नाडी बांधता येईना, म्हणून नवरा खाली गुडघ्यावर बसला. मी सगळं तोंडाशी आणून ठेवलं होतं. आज याला सोडायचं नाही, असं ठरवूनच बाहेर आले होते.

दादाने विचारलं, "मिस्त्री, दुसऱ्या दिव्याला वेळ किती झाली होती?"

"दहा मिनिटं चार सेकंद," नवरा म्हणाला. मान खालीच.

"आणि तेव्हा, शाळेत असताना, आपल्या घरी?"

"दहा एकोणतीस."

दादाने मनातल्या मनात वजाबाकी केली. मग म्हणाला, "म्हणजे मी पुढे होतो."

"पंचवीस सेकंद," नवरा म्हणाला. "पंचवीस सेकंद पुढे होतास."

दादाचा चेहरा इतका खूश झाला, की मला तिथे उभं राहवेना. नवरा तीच नाडी पुन्हा सोडत होता आणि पुन्हा बांधत होता. बुटावर टपटप पाणी पडत होतं. तोंडाशी आणलेलं सगळं मी गिळलं आणि खाली बसून दादाच्या दुसऱ्या बुटाची नाडी बांधायला घेतली.