महिपतरावांच्या चपला

आमच्या नात्यात कुणाच्या घरची वीज गेली की आधी महिपतरावांना फोन जातो, मग देवाचा धावा. दोघंही लगेच येत नाहीत. फरक इतकाच, की देव आल्यावर फुशारक्या मारत बसत नाही. महिपतराव म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे, निशाचे यजमान. मी त्यांना दाजी म्हणतो, कारण म्हणावं लागतं.

ठाण्याला वर्तकनगरात राहतात. लोक शर्टाच्या खिशाला पेन लावतात, तसा हे टेस्टर लावतात, लग्नाच्या पंगतीतसुद्धा. घरांच्या वायरिंगची कंत्राटं घेत घेत पार टिटवाळ्यापर्यंतच्या भिंतींतून यांचा हात फिरलाय. आणि प्रत्येक बिल्डिंग तपासणीत पास. "महिपतचं काम आणि नापास? होऊच शकत नाही," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की कुठे थांबून मिशीवरून हात फिरवतील तेही मला पाठ झालंय.

पास कसं व्हायचं ते ऐका. तपासायला येणारा साहेब बोर्ड उघडून बघतो, भिंत फोडून बघत नाही. म्हणून बोर्डाजवळ हातभर चांगली जाड वायर, आणि भिंतीच्या आत तिलाच जोडलेली बारीक. वरून कीर्तन, आतून तमाशा. "आतलं कोण बघतंय?" हे या गृहस्थांचं तत्त्वज्ञान. स्वतःच्या घरी मात्र आतलं बघणारा एक माणूस होता, तो म्हणजे हे स्वतः. तिथे वायर जाडच, अर्थिंगचा खड्डा खोलच, आणि शॉक बसायच्या आत वीज तोडणारा तो ईएलसीबी नावाचा स्विच, त्याचं बटण दाबून हे अधूनमधून खात्री करून घेणार. सोनल, त्यांची एकुलती एक मुलगी, लहानपणी बाहेरच्या अर्थिंगच्या खड्ड्यात तांब्याने पाणी ओतायची. ते काम बापाने तिच्याकडे सोपवलं होतं आणि का ओतायचं तेही शिकवलं होतं. घरातल्या मशीनच्या पत्र्यात चुकून वीज उतरली तर तिने माणसाच्या अंगातून न जाता जमिनीत जावं, म्हणून ती वाट. जमीन ओली असली की वाट चांगली चालते.

आता आंबिवलीची गोष्ट. तिथे समाधान नावाची एक बिल्डिंग यांनी केली. अर्थिंगचा खड्डा खणायला घेतला आणि थोडं खाली जाताच कातळ लागला. दुसऱ्या एखाद्याने मशीन मागवलं असतं, नाहीतर जागा बदलली असती. महिपतरावांनी कातळ सोडून पाइपच कापला. पुरुषभर खोल जायचा तो पाइप कोपरभर उरला. तो खड्ड्यात उभा केला, भोवती कोळसा आणि मीठ पसरलं, वर सिमेंटचं छोटं चौकोनी तोंड बांधलं. आणि मग या माणसाची खरी बुद्धी चालली. पाइपाला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, वर नारळ ठेवला, उदबत्ती पेटवली. साहेब आले, बघतात तर पूजा मांडलेली. जमिनीत वीज किती चांगली जाते ते मोजायचं यंत्र त्यांच्या गाडीतच राहिलं. त्यांनी चपला काढल्या, हात जोडले, प्रसादाचं खोबरं खाल्लं आणि बिल्डिंग पास झाली.

रहिवासीही काही कमी नव्हते. राहायला आल्यावर त्यांचे ईएलसीबी सारखे पडायला लागले. ते पडत होते म्हणजे आपलं काम करत होते. पण यांची टीव्हीवरची मालिका मध्येच तुटायची ना! त्यांनी महिपतरावांना बोलावलं आणि या सद्गृहस्थाने एकेक स्विच आतून डायरेक्ट करून दिला. नुसतं खोकं उरलं. लोकांनी त्यांना पेढे दिले. ज्याने आपल्या गळ्यातला ताईत काढून नेला त्याला पेढे देणारी माणसं मी तरी दुसरीकडे पाहिलेली नाहीत.

हे सगळं मला आज माहीत आहे. तेव्हा मला एवढंच माहीत होतं, की दाजींचं काम कधी नापास होत नाही.

मग सोनलचं लग्न ठरायची वेळ आली. मुलगा सूरज, चांगल्या नोकरीत, निर्व्यसनी, आई जाईबाई आणि तो, दोघंच घरात. पोरीला पसंत, निशाला पसंत. आम्ही घर बघायला आंबिवलीला गेलो. दाजी रिक्षातून उतरले ते मोठ्या तोऱ्यात. फाटकावरची पाटी वाचली आणि त्यांचा हात मिशीवर गेला तो तिथेच राहिला. फाटकाच्या आत ते सिमेंटचं तोंड होतं. आता त्याच्यावर फरशी बसवली होती, बाजूला तुळस, आणि दिवा लावायला कोनाडा.

जाईबाई कौतुकाने म्हणाल्या, "हे आमच्या बिल्डिंगचं जागृत ठिकाण बरं का. मी रोज तांब्याभर पाणी घालते. उन्हाळ्यात पाणी बंद पडलं ना, की घरात नळांना मुंग्या येतात. पाणी घातलं की देव शांत होतो. ज्या वायरमनने हे बसवलं ना, तो फार देवभोळा होता म्हणे. त्याचं भलं होवो."

चोराच्या मनात चांदणं! परतताना गाडीत दाजी म्हणाले, "लांब पडतं हे आंबिवली. नको." निशाने विचारलं, दुसरं काही खुपलं का? "नाही, लांब पडतं." आता वर्तकनगराहून आंबिवली म्हणजे काही काशी नव्हे. कुणी ऐकलं नाही. सोनल त्या घरात नांदायला गेली.

माझा राग इथून सुरू होतो. त्या दिवशी एक वाक्य पुरलं असतं. 'खड्डा खोटा आहे, खणून घ्या.' इतकंच. अब्रू गेली असती, आणखी काय? पण झाकली मूठ सव्वा लाखाची. ती उघडण्याऐवजी महिपतरावांनी बाजारात जाऊन सोनलसाठी जाड रबरी चपला आणल्या. सूरजसाठी आणल्या, जाईबाईंसाठीही आणल्या. "फरशी गार असते, घरातही घालत जा," म्हणाले. जाईबाईंनी त्या तशाच कपाटावर ठेवून दिल्या. ज्या घरात देव आहेत तिथे चपला घालून कोण फिरणार?

स्वतः मात्र फिरायचे. लेकीकडे गेले की आपल्या रबरी चपला पायातच. दारात सगळ्यांच्या चपलांचा ढीग, आणि हे सरळ आत. "टाच दुखते, डॉक्टरांनी सांगितलंय." कुठल्या डॉक्टरांनी, ते निशालाही ठाऊक नव्हतं. जाईबाई बिचाऱ्या यांच्या मागून फरशी पुसायच्या आणि व्याह्यांची टाच बरी व्हावी म्हणून त्या खड्ड्यापाशी दिवा लावायच्या. त्या बिल्डिंगमध्ये इतर घरंही होती, तिथेही पोरंबाळं होती. त्यांच्यासाठी यांच्या टाचेत कधी कळ आली नव्हती. आपला तो बाब्या.

सोनल बाळंतपणाला वर्तकनगरला आली तेव्हा दाजींना आनंद झाला, पण तो नातवाचाच होता असं मला वाटत नाही. तिला परत पाठवायचं नावच काढेनात. आधी म्हणे पावसाळा होऊ दे, मग बाळाची सर्दी, मग श्राद्धपक्ष. शेवटी सूरज येऊन बायकापोराला घेऊन गेला. बाळ तेव्हा नुसतं पाठीवर पडून हातपाय हलवत होतं. पण पोर तसंच पडून थोडंच राहतं? ते रांगायला लागलं. आणि रांगणाऱ्या पोराच्या मापाच्या रबरी चपला अजून बाजारात आलेल्या नाहीत.

उष्टावण सोनलच्या सासरी होतं. आमच्याकडे बाळाला पहिला घास मामाने भरवायचा. सोनलला भाऊ नाही, म्हणून तो मान आजोबांचा. पाट मांडला, भोवती रांगोळी, चांदीच्या वाटीत खीर. आम्ही सगळे जमलो. दाजी दारात आले आणि सवयीने चपलांसकट आत शिरायला लागले.

"अहो व्याही, आज तरी चपला काढा," जाईबाई म्हणाल्या. "पाटावर बसायचंय तुम्हाला."

"टाच हो..."

"बाबा, काढा ना," सोनल म्हणाली. "घास भरवलात की घाला परत."

काढल्या. मग तो माणूस दारापासून पाटापर्यंत चवड्यांवर चालत गेला. लाकडाचा पाट बघून त्याच्या जिवात जीव आला, दोन्ही पाय वर घेऊन बसला. बाळ मांडीवर दिलं. निशा घास चाटवायची अंगठी पर्समध्ये शोधत होती, सोनल स्वयंपाकघरात खिरीत केशर घालत होती. पॅसेजमध्ये, बाथरूमच्या दाराशी, कपडे धुवायचं मशीन चालू होतं. नुकतीच पुसलेली फरशी ओली होती.

बाळ मांडीवरून सुटलं आणि त्या घरघर आवाजाकडे रांगत निघालं.

पोर मशीनकडे चाललंय, त्यात घाबरण्यासारखं काय आहे? आम्हाला कुणाला काही वाटलंच नाही. एकटे महिपतराव ओरडले, "अरे धरा त्याला! मशीनला हात लावू देऊ नका!" इतक्या जोरात, की बाळही क्षणभर थांबलं. ते दाजींच्या अगदी हाताशी होतं. वाकले असते तर लंगोटाला धरून मागे ओढता आलं असतं. दाजी उठले, वळले आणि दाराकडे धावले. त्या चपलांच्या ढिगात त्यांचा पाय आपल्या चपला शोधत होता. एक सापडली, दुसरी उलटी पडली होती, ती सरळ करत होते. बाळ पुन्हा निघालं.

सोनल स्वयंपाकघरातून अनवाणी धावली. ओल्या फरशीवर तिचा पाय घसरला, तरी तिने पोराला उचललं. त्याचा हात मशीनच्या पत्र्याकडे पुढे केलेलाच होता. मग तिने मागे पाहिलं. तिचे वडील दोन्ही चपला घालून हॉलच्या मधोमध उभे होते.

मला त्या माणसाची किळस आली. मी पुष्कळ भित्री माणसं पाहिली आहेत, मीही काही शूर नाही. पण भीती आधी पायांत यावी आणि नातू मागे राहावा, हे मी पहिल्यांदाच पाहत होतो.

सोनलने बाळ सूरजकडे दिलं आणि मेन स्विच खाली ओढला. मशीन थांबलं.

"बाबा, ही बिल्डिंग तुम्ही केलीये?"

"पास झालेली आहे," दाजी म्हणाले.

एवढं उत्तर तिला पुरलं. ती जिना उतरली. आम्ही मागोमाग. तिने तुळस बाजूला केली, नारळ उचलून जाईबाईंच्या हातात दिला, फरशी सरकवली, पाइपाला आलेली वायर सोडवली आणि दोन्ही हातांनी पाइप धरून ओढला. लहानपणापासून या पोरीला ठाऊक होतं, की पाइप असा हलतही नाही. तो मुळ्यासारखा उपटून आला. जाईबाई आधी "अगं अगं, काय करतेस!" म्हणून ओरडल्या, मग त्या कोपरभर लोखंडाकडे नुसत्याच बघत राहिल्या. इतकी वर्षं त्या त्याला पाणी घालत होत्या. त्या पाण्यानेच जे काही वाचलं असेल ते वाचलं, हे मला नंतर दुसऱ्या वायरमनने सांगितलं.

पाइप घेऊन सोनल वर आली. दाजी अजून तिथेच उभे होते. तिने तो मातीसकट, मिठासकट त्यांच्या पायाशी ठेवला. दाजी एक पाऊल मागे सरले. म्हणाले, "कुंकू लावलंय त्याला. असा पायाशी ठेवू नको."

"बाबा," सोनल म्हणाली, "बाळ मशीनकडे निघालं होतं आणि तुम्ही दाराकडे गेलात."

त्यावर महिपतरावांचा चेहरा पहिल्यांदा जरा सावरला, कारण यावर त्यांच्याकडे उत्तर होतं. आम्हा सगळ्यांकडे बघत, समजावून सांगितल्यासारखं ते म्हणाले, "अगं, शॉकच्या जागी अनवाणी जायचं नसतं. आधी पायात रबर पाहिजे. तसा नियमच आहे."

निशाने पदर तोंडाला लावला. सोनलने दार पूर्ण उघडलं आणि बाजूला होऊन उभी राहिली.

"म्हणजे तुम्हाला नियम येत होते, बाबा."