मिठागरातली दुपार

“ही पोरगी ऊन मोजायला आलीय म्हणे. मापटं कुठंय हिचं?” मिठागराच्या मांडवात भाकरी खाता खाता हिरामावशी शेजारणीला म्हणाली आणि सगळ्याजणी हसल्या. मी फॉर्ममध्ये मान घातली.

उन्हामुळे किती जणांना त्वचेचा कर्करोग होतो, याच्या पाहणीसाठी मी आले होते. डॉक्टरांनी तसं निदान केलंय का, असं विचारलं की प्रत्येकीचं उत्तर एकच, “डॉक्टरकडे गेलंय कोण?” निदान नाही म्हणजे आजार नाही, असा आमचा नियम. मी शून्य लिहीत होते.

बाहेर सूर्य थेट माथ्यावर होता. भाकरी संपवून पुन्हा मीठ ओढायला गेलेल्या बायकांना पांढऱ्या मिठावर सावल्याच नव्हत्या. बघता बघता त्यांचे पाय दिसेनासे झाले, मग चेहरे. अंधारात माणसं हरवतात हे ठाऊक होतं, पण इथे उजेडच त्यांना पुसत होता, अगदी आवाज न करता. माझ्या कागदावरही तेच चाललं होतं.

हिरामावशी पुढ्यात येऊन बसली. तिच्या नाकाच्या कडेला चुन्याचा जाड ठिपका होता. घामाने तो ओघळला आणि खालची ओली जखम दिसली.

“दोन वर्षं झाली, भरतच नाही,” ती म्हणाली. “मीठ लागत असंल. तू ‘नाही’ लिही.”

मी पेन खाली ठेवलं.

“मावशी, उद्या सकाळी मी येते. आपण दोघी दवाखान्यात जाऊ.”